काळ्या रेतीचा कौल

जुहूच्या वाळूत माणसांचे कोंडाळे जमले होते आणि मधोमध एक यंत्र कौल देत होते. दर्याबाबा पायाच्या अंगठ्याने जागा दाखवीत, ह्युबर्ट तिथे धातुशोधकाची चकती धरी आणि बाबा प्रश्न विचारीत. 'पींऽऽ' वाजले तर होकार, मुकाट राहिले तर नकार. बघ्यांचे हात आपोआप जोडले जात होते.

तांत्रिक विद्यालयात हयात घालवलेले विद्याधर कडेला चुळबुळत उभे होते. धाकटा भाऊ अनंत अंधेरीच्या इस्पितळात हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी ताटकळला होता. त्याच्या बायकोची, मालनची, सही तेवढी बाकी होती. त्याच्यासाठी दर्याला नारळ वाहताना सकाळी तिचे मंगळसूत्र वाळूत पडले. गावठाणातला ह्युबर्ट ते शोधायला आपले यंत्र घेऊन आला, आणि यंत्राच्या आवाजामागून बाबा आले.

"सोन्याचा डाग सापडण्याआधी धन्याला सुरी लागली, तर कुंकू पुसलं जाईल काय?" बाबांनी अंगठा टेकवला. पींऽऽ.

"घ्या. दर्या बोलला, आम्ही नुसते हमाल."

मालनचा चेहरा उतरला. "भाऊजी, गावच्या देवीचा कौल आम्ही कधी मोडला नाही. मी सही नाही करायची."

"कौल मोडू नकोस. फक्त तो देतंय कोण, एवढं बघू दे."

विद्याधरांनी एक गोष्ट हेरली होती. होकार हवा असला की बाबांचा अंगठा लाटेने सोडलेल्या काळ्या पट्ट्यावर टेकत होता. नकार हवा असला की पांढुरक्या वाळूवर.

"ह्युबर्ट, हे शेवटचं कधी धुतलंस?"

"सेकंडहँड घेतलंय, अंकल. चालतंय ना, मग कशाला उघडायचं?"

विद्याधरांनी चकतीचे झाकण काढले. आत काळी रेती साचली होती. बाटलीतल्या गोड्या पाण्याने त्यांनी ती धुतली, चकती पुसली, लोंबणारी वायर दांड्याला घट्ट गुंडाळली. मग काळ्या पट्ट्यावर चकती खाली-वर करीत ते जमिनीचा मेळ बसवणारे बटण फिरवत राहिले, आवाज विझेपर्यंत.

"बाबा, मघाचाच प्रश्न विचारा. जागाही तीच."

बाबांनी विचारला. यंत्र गप्प.

"दर्या रुसला," बाबा म्हणाले. "यंत्राचा प्राण काढलात तुम्ही."

विद्याधरांनी बोटातली अंगठी त्याच रेतीत पुरली. पींऽऽ.

"रुसवा लगेच गेला की," गर्दीतून कोणी म्हणाले आणि हशा पिकला.

विद्याधरांनी मोबाइलच्या पाकिटातले चुंबक रुमालात धरून वाळूवरून फिरवले. रुमालाला काळी लव फुटली. "यात लोखंड आहे, मालन. मेळ नीट बसवला नाही, तर यंत्र यालाच धातू समजून ओरडतं. बाबांना हे ठाऊक होतं."

"म्हणजे याला सोनं कळतं, मरण नाही कळत."

"मरण कुणालाच कळत नाही. डॉक्टरांना निदान हृदय कळतं."

भरतीचे पाणी पट्ट्यावर चढू लागले होते. मालनने एकदा वाळूकडे पाहिले. "ह्युबर्ट, तू शोध. मिळालं तर मिळालं. भाऊजी, रिक्षा थांबवा."

आवाज झाला की तो कशामुळे झाला, हे विचारल्याने कोणताही देव कोपत नाही. न विचारल्याने मात्र माणूस दगावू शकतो. इस्पितळात मालनने सही केली, तेव्हा तिचा गळा मोकळाच होता.