दूधपेढीसमोरचा बाक

लोकांना गाडी चालवायला शिकवणारी ती बाई रक्तदाब वाढल्यामुळे सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा एवढासा, काचेच्या पेटीत, नाकात नळी. आणि तिला दूध येईना.

ती पंप लावून बसली की एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला सासूबाई, दोघी बाटलीवर डोळे लावून बसत. थेंब पडला की एकमेकींना सांगत. शेवटी स्तनपानाचं बघणाऱ्या सिस्टरने दोघींना गोड बोलून बाहेर काढलं, पडदा ओढला आणि दूध येईपर्यंत बाळाला दूधपेढीतलं दूध देऊ म्हणाली.

कोणाचं, हे सासूबाईंना जाणून घ्यायचं होतं. सिस्टरने समजावलं, बायका आपल्या बाळाला पुरून उरलेलं दूध देतात, त्यांचं रक्त तपासतात, दूध तापवून जंतू मारतात. नावं मात्र सांगत नाहीत. पण सासूबाईंना काळजी होती ती स्वभावाची. दुधातून स्वभाव उतरला तर? लग्नापासून एकाही गोष्टीवर एकमत न झालेल्या विहीणबाईंनीही मान डोलावली.

सून म्हणाली, "त्याचं वजन उतरतंय, आई. स्वभावाचं नंतर बघू."

तिने होकार दिला. सासूबाईंनी मग दूधपेढीसमोरच्या बाकावर ठाण मांडलं. हसतमुख बाई आत गेली की त्यांना बरं वाटे. एक जण लिफ्टवाल्याशी भांडली, तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही. आणि एका सकाळी दार उघडून, खांद्याला बर्फाची पेटी लावून, त्यांच्याच इमारतीतली, वरच्या मजल्यावरची बाई बाहेर आली.

तिच्या ओल्या कपड्यांचं पाणी सासूबाईंच्या वाळत्या कपड्यांवर गळायचं. त्यावरून दोघींचं बोलणं बंद होतं. जिन्यात भेटल्या तर दोघी भिंतीकडे बघत. इथे बघायला भिंतही जवळ नव्हती. ती चाचरत म्हणाली, मला जास्त येतं, म्हणून देऊन जाते.

सासूबाईंनी तिच्या खांद्यावरच्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जेवतेस ना वेळेवर?"

त्या दिवसापासून वर डबा जाऊ लागला. सगळ्यांचं दूध एकत्र करतात, कुणाचं कुणाला जातं ते कळत नाही, असं तिने सांगून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, तू आधी जेव. घरात ताकीद दिली, कपड्यांवर पाणी गळलं तरी कुणी ब्र काढायचा नाही, तिला मनस्ताप होता कामा नये.

नवऱ्याने हे सगळं अंगावरचा ओला शर्ट दाखवत बायकोला सांगितलं. उबेसाठी पेटीतून थोडा वेळ बाहेर काढलेला मुलगा तिच्या उघड्या छातीवर झोपला होता. ती टाके दुखेपर्यंत हसली. नंतर पंप लावला, तर बाटलीचा तळ पहिल्यांदाच झाकला गेला. दूध हळूहळू वाढत गेलं. नळी निघाल्यावर सिस्टरने मुलाला छातीशी धरायला शिकवलं. त्याने तोंड फिरवलं, रडला, पुन्हा शोधलं, आणि ओढू लागला. दोन्ही आज्या श्वास रोखून उभ्या होत्या. सिस्टर म्हणाली, आता तुम्ही श्वास घेतलात तरी चालेल.

संध्याकाळी सासूबाई वर गेल्या.

"आमचं आम्हाला पुरतंय आता," त्या म्हणाल्या. "तू दुसऱ्या कुणाच्या बाळाला दे. डबा येत राहील."