फाडलेलं एकच पान

मी पाहुण्यांची वही बोलतेय. जिन्याच्या पायथ्याशी छोट्या टेबलावर असते ना, तीच. जरा घाईनं बोलते, कारण उद्या मला खोक्यात भरणार आहेत.

लीड्सच्या एका बाइंडरनं मला हिरव्या पुठ्ठ्यात शिवलं. आर्थर मेटकाफनं मला यॉर्कशरच्या या डोंगराळ गावात आणलं. तीनशे वर्षांची दगडी सराई, चार खोल्या, रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी. आर्थर आणि त्याची बायको विनिफ्रेड दोघं मिळून ती चालवायचे. शनिवार-रविवारी जागा मिळायची नाही. लोक माझ्यात 'फारच छान' लिहायचे आणि पुढच्या वर्षी खरंच परत यायचे.

मग साथ आली. त्यात आर्थर गेला. विनिफ्रेड तापातून उठली, पण तिला वास येणं बंद झालं ते कायमचं. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. वास न येणाऱ्या बाईच्या हातचं कोण खाईल, अशी तिला धास्ती. आणि त्याच हिवाळ्यात फरशीखाली सांडपाण्याचा पाइप फुटला.

तो वास माझ्या पानापानांत मुरलाय हो! आत पाऊल टाकताच पाहुण्यांची नाकं मुरडायची. पण इथली माणसं पडली सभ्य. भर थंडीत खिडक्या उघड्या टाकून झोपतील, पण तोंडावर बोलतील तर शपथ. शेजारीण अंडी द्यायची ती उंबऱ्याबाहेरूनच. सगळे माझ्यात 'फारच छान' लिहायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. मी नुसती तळमळायची. दुसऱ्यांचंच लिहिलेलं वागवायचं, स्वतःचं एक अक्षर काढता येत नाही, असला जन्म शत्रूलाही नको.

नोव्हेंबरात क्लाइव्ह आणि मॉरीन टनिक्लिफ हे जोडपं शुक्रवार ते रविवार राहायला आलं. त्या शनिवार-रविवारचे तेवढेच पाहुणे.

"बाई गं! इथं उंदीर मेलाय की काय?" मॉरीन जिन्यातच कुजबुजली.

"हळू बोल, ऐकेल ती."

शनिवारभर दोघं पावसात भिजत हिंडली, पण घरात थांबली नाहीत.

रविवारी न्याहारीनंतर विनिफ्रेडनं त्यांना दारात गाठलं. हात ॲप्रनला पुसत म्हणाली, "एक विचारू? हे घर विकत घ्यायला एक जण मागे लागलाय. त्याला आज कळवायचंय. माझं काही चुकत असेल तर सांगा, मी सुधारेन. लोक परत का येत नाहीत, तेच मला कळत नाही."

"छे छे! सॉसेज तर काय झकास होते!" मॉरीन म्हणाली.

विनिफ्रेड त्यांचे कोट आणायला आत गेली. क्लाइव्हनं पेन उचललं आणि माझ्यात लिहिलं, 'घरात सांडपाण्याचा वास येतो. प्लंबर बोलवा.'

किती वर्षांनी कुणीतरी माझ्यात खरं लिहिलं होतं! मला वाटलं, वाचलो आपण.

"अरे, वेडा आहेस का?" मॉरीननं त्याला कोपर मारलं. "बिचारी एकटी बाई. जाता जाता कशाला दुखवतोस?"

"अगं, पण तिनंच विचारलं ना?"

"विचारतात रे सगळेच!"

त्यानं पान फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि पुढच्या पानावर लिहिलं, 'घरच्यासारखं वाटलं. नक्की परत येऊ.'

विनिफ्रेडनं ते दोनदा वाचलं. "इतकं छान आहे, तर मग माझंच नशीब फुटकं," असं म्हणून तिनं फोन उचलला.

सह्या होऊन आठवडा झाला. आज नवा मालक प्लंबरला घेऊन आला. प्लंबरनं दारातच नाक दाबलं. "पाइप फुटलाय, साहेब. एका दिवसाचं काम. या वासात इथं राहिलं कोण?"

"कसला वास?" विनिफ्रेडनं विचारलं.

प्लंबरनं नाकावरचा हात न काढता फरशीकडे बोट दाखवलं. तिला कळायचं ते कळलं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि एकेक पान उलटत गेली. छान, फारच छान, सुंदर. शेवटी फाडलेल्या पानाच्या कडेवर तिचं बोट थांबलं. शाईच्या दोन रेघा तिथं राहिल्या होत्या. त्या वाचता येत नव्हत्या.

तिचं बोट अजून तिथंच आहे. बाबांनो, कुणी तुम्हाला असं काकुळतीनं विचारलं, तर पाया पडते, खरं सांगून टाका.