रिकाम्या नळीतला सिग्नल

जबलपूरच्या त्या संशोधन संस्थेत विभागाध्यक्ष रत्नाकर सरांनी एका सिग्नलचं बारसं उरकून टाकलं, तेव्हा मूल कुणाचं हे तपासायला कुणालाच सवड नव्हती.

मैत्रेयी तीन वर्षं एकच काम करत होती. पॉलिमरच्या लांब साखळीला हजारात एखादी फांदी फुटते, ती रेणूंची रचना दाखवणाऱ्या एनएमआर यंत्रात पकडायची. फांदीचा सिग्नल इतका क्षीण, की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जाई. म्हणून तिनं गार ठेवायची नवी कॉइल बसवून घेतली, खरखर कमी केली, आणि एक नवाकोरा सिग्नल ठणठणीत उभा राहिला. सरांनी लगेच शोधनिबंध लिहायला घेतला. पहिलं नाव कुणाचं, हे सांगायला नको. मैत्रेयीचा प्रबंधही त्याच सिग्नलवर उभा होता आणि तो द्यायला दोन महिने उरले होते.

फक्त तिला तो सिग्नल जरा जास्तच धष्टपुष्ट वाटत होता. तिनं रिकामी नळी यंत्रात घातली. सिग्नल जागचा हलला नाही. तिनं धावत जाऊन नीलकंठला आणलं.

तंत्रज्ञ नीलकंठ खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन इथं आलेला. त्यानं यंत्राचं तोंड बोटानं चाचपलं.

"काहून घाबरून राहिली, दीदी? विश्वकर्मा पूजेला सरांनी इथंच तूप-सिंदुराचा टिळा लावला होता न. मी पुसला वरवर."

पॉलिमर विरघळावा म्हणून नळी तापवत, त्या उबेनं तूप आत उतरलं होतं. तुपाच्याही साखळ्या लांब, म्हणून पॉलिमरच्या पंगतीत बेमालूम खपलं. जुन्या यंत्राला ते दिसलंही नसतं. मैत्रेयीच्या हुशारीनं दिसलं.

तिनं सरांपुढे दोन्ही आलेख ठेवले.

"अच्छा, नळी खाली असूनही दिसून राहिला?" सर खूश झाले. "मग मशीन किती सेन्सिटिव्ह झाली, तेच लिहू."

"सर, ते तूप आहे. मी प्रबंधातून काढून राहिली." तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. तिचं वर्ष वाया चाललं होतं.

सरांचं मन मोठं. मुदतवाढीचा अर्ज त्यांनी स्वतः भरून आणला. कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात होतं : 'छात्रा की लापरवाही', म्हणजे विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा.

"चलो, सही करून टाक. मी सांभाळून घेतो."

मैत्रेयीनं पेन घेतलं, 'छात्रा' खोडलं, वर 'विभागाध्यक्ष' लिहिलं आणि खाली सही केली.