एक्केचाळीस बाय साडेसतरा

पट्टीचा शून्याकडचा कोपरा झिजून गोल झाला होता, म्हणून डॉक्टरांनी ती एकच्या रेघेवर टेकवली... पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, मधोमध जुन्या शाईचा डाग. तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, गोंदणावर ती गार लागली. डॉक्टर वाकले, "सात," असं पुटपुटले आणि रकान्यात सात लिहू लागले.

"सहा," ती म्हणाली.

"काय?"

"एकपासून मोजलंत. एक काढायचा राहिला."

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. सातावर काट मारली. "सहा सेंटिमीटरच्या वर असतं तर इथंच भरतीची फाइल बंद झाली असती तुमची. थोडक्यात वाचलात."

"वडील सुतार होते."

होते. पाच महिने झाले तरी हा शब्द ओठांशी येऊन क्षणभर थांबतो, आणि समोरच्याला वाटतं, ही आठवून आठवून बोलते आहे.

"आणि हा नंबर कसला? गाडीचा?"

"माप आहे. फळीचं."

"शेवटी या दोन उभ्या रेघा?"

"अर्धा. साडेसतरा."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "लोक बदाम काढतात, वाघ काढतात, एकानं तर बायकोचं नाव काढून वर फुली मारली होती. फळीचं माप पहिल्यांदाच बघतोय." हसता हसता ते थांबले, बहुधा तिचा चेहरा बघून. मग जरा हलक्या आवाजात, "हे बघा. बाहीबाहेर हात दिसतो तिथं आईवडिलांचं नाव चालतं, देवाचं चिन्ह चालतं. बाकी सगळं मंडळापुढे जातं. तीन माणसं बसतात, कुणाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. नुसता आकडा बघून एखाद्याला वाटायचं, पोरगी कुठल्या टोळीबिळीत होती की काय! खाली रकाना आहे, 'काढून टाकण्यास तयार'. खूण करा, सही करा, मोकळ्या व्हा. लेसरनं जातं सहासात खेपांत. नेमणूक अडत नाही."

"आणि खूण नाही केली तर?"

"तर लेखी परीक्षा, मुलाखत, सगळं पार करून या सहा सेंटिमीटरवर अडकाल. जेवणाची सुट्टी संपली की फॉर्म द्या."

व्हरांड्यातल्या बाकावर ती बसली. बाकाचा एक सांधा सुटला होता आणि कुणीतरी त्यात खिळा ठोकून काम भागवलं होतं — बाबांनी हे बघून आधी खिळ्याला नावं ठेवली असती, मग ठोकणाऱ्याला. आजूबाजूला बाकीचे उमेदवार होते आणि प्रत्येकाबरोबर पिशवी धरायला कुणीतरी. तिची पिशवी तिच्याच पायांमध्ये उभी होती.

"एकट्याच आलात का ताई?" शेजारच्या मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"हो."

"धीट आहात. आमची ही रक्त द्यायलासुद्धा माझा हात धरते."

"बाबा, गप्प बसा ना!" मुलगी म्हणाली. त्या दोघांकडे बघून ती हसली, कारण हसणं भाग होतं.

बाबांच्या खिशात कागद कधी नसायचा. कानावर पेन्सिल असायची आणि शाळेला सुट्टी असली की टेपचं दुसरं टोक धरायला ती. कुणाच्या घरी दाराचं, कुणाच्या घरी कपाटाचं माप घ्यायचं आणि ते तिच्या हातावर लिहायचं. "लाकडाला पेन्सिल, पोरीला पेन," असं म्हणत गुदगुल्या होतील इतकं हळू लिहायचे. घरमालकिणीनं एकदा डोळे मोठे करून विचारलं तर म्हणाले, "वही हरवते. ही हरवली तर आईला रडून शोधते." आणि एकदा तिनं खेळून आल्यावर साबणानं हात धुतले... आकडा पुसट झाला, तीनाचा दोन वाचला गेला, एका वकिलाच्या घरचं दार इंचभर आखूड झालं. ती मार खायच्या तयारीनं उभी. बाबांनी दाराकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, म्हणाले, "चूक माझी. जिथं पाणी पोचतं तिथं लिहिलं." त्या दिवसापासून मनगटाच्या चार बोटं वर.

लेखी परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच टेप काढला. तिच्या टेबलाशेजारच्या कोनाड्यात फळी हवी होती, कायद्याची जाडजूड पुस्तकं जमिनीवर पडलेली त्यांना बघवत नव्हती. दोन पावलांवर दम लागत होता, मध्ये खाटेवर बसले, तिनं "राहू दे ना" म्हटलं, तर म्हणाले, "साहेबीण होणार तू. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खुर्च्या केल्या, आता तू बस एकीवर." मग तिच्या हातावर लिहिलं. चारचा पाय हलला, दोन उभ्या रेघा जरा तिरक्या आल्या. "उद्या कापतो."

सकाळी ते उठले नाहीत.

चार दिवस ती हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून अंघोळ करत होती. आत्या ओरडली, काय हा वेडेपणा, लोक काय म्हणतील. पाचव्या दिवशी शाई फिकी निळी झाली, चारचा आकडा तर जवळजवळ गेलाच, आणि ती गोंदणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसली. त्यानं विचारलं, अक्षर कुठल्या वळणाचं हवं? आहे त्याच, ती म्हणाली, यावरूनच गिरवा.

व्हरांड्यात डबे उघडायला लागले होते. तिनं फॉर्म मांडीवर घेतला. 'अर्थ' या शब्दापुढे दीड ओळीची जागा होती. तिनं लिहिलं : वडिलांनी घेतलेलं माप. एक ओळही भरली नाही. त्याखाली चौकोन. काढून टाकण्यास तयार.

आत्याला, मैत्रिणींना, गोंदणाऱ्यालाही तिनं बजावलं होतं की हे कधीच जाणार नाही. आता तिनं मुद्दाम डोळे मिटून बघितलं — पहिल्या खेपेला निळसर होईल, मग राखाडी, मग नुसती जागा, आजूबाजूपेक्षा थोडी उजळ... आणि तिथं, जिथं दुखेल म्हणून ती अंग आखडून बसली होती, तिथं एक साधा विचार आला. बरं वाटेल. अर्ध्या बाह्या घालता येतील, कुणी विचारणार नाही, मलाही दिवसातून दहा वेळा बाही सारून बघावं लागणार नाही. एखाद्या सकाळी बस पकडायच्या घाईत बाबा आठवणारच नाहीत, थेट दुपारी आठवतील, आणि तेही ओझरते.

तिनं दचकून डोळे उघडले. कुणी ऐकलं का म्हणून बाजूला बघितलं. मुलीचे वडील डब्याचं झाकण पुढे करत होते. "घ्या हो ताई, सकाळपासून उपाशी असाल."

"नको, खरंच नको," ती म्हणाली.

दाराशी कारकून आला. "फॉर्म आणा, फॉर्म! आणि सह्या बघून आणा, नंतर माझ्या नावानं ओरडू नका." माणसं उठली, बाक हलका झाला, तिच्या बाजूनं थोडा वर आला. पेन तिच्या बोटांत होतं. चौकोन तसाच कोरा होता. मंडळातली तीन माणसं तिला आता आठवतसुद्धा नव्हती, आणि समोरच्या डब्याच्या वासानं तिला भूक लागली होती — पाच महिन्यांत पहिल्यांदा, चांगली सडकून भूक — आणि त्या भुकेची तिला इतकी लाज वाटली की ती जागची उठूच शकली नाही.