किन्नूचा पुरावा

अंबरीश देवस्थळींचा दुधावरही विश्वास नव्हता. चंडीगडला बदली होऊन दोन वर्षं झाली आणि तेवढ्यात त्यांनी तीन दूधवाले बदलले. केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत उपकरणं तपासायची, काटा केसभर सरकला तरी शेरा मारायचा, ही त्यांची नोकरी. आणि नोकरी काही माणूस दारात चपलांबरोबर काढून ठेवत नाही. यंदा दिवाळीच्या आधीपासून घरी दूध वरचेवर उतू जायला लागलं, तेव्हा दुधातच भेसळ आहे म्हणत त्यांनी लॅक्टोमीटर आणला आणि दूधवाल्या सरदारजींना दारात उभं करून मापून दाखवलं. दूध चोख निघालं. संशय मात्र गेला नाही.

असा माणूस इंटरनेटवर वाद घालायला बसला की मग काय विचारता! शहरातल्या लोकांचा एक चर्चामंच होता. लिखाण इंग्रजीत, नावं टोपणनावं, आणि विषय आकाशाखालचा कुठलाही. तिथे अंबरीश ‘थर्मामीटर’ म्हणून लिहीत. नोव्हेंबरात तिथे ‘किन्नू’ उपटला. किन्नू म्हणजे इथलं हिवाळी संत्रं. या संत्र्याचं म्हणणं असं, की फोनमधल्या एका बोलक्या अ‍ॅपपाशी रोज मन मोकळं करता येतं, झोप नाही, कशात जीव लागत नाही, आणि अ‍ॅप म्हणतं डॉक्टरांना दाखवा.

“जे मोजता येत नाही, त्याला आजार म्हणू नये,” थर्मामीटरने ठोकून दिलं. “पुरावा दाखवा.”

“दुखणं मोजायचं यंत्र निघेपर्यंत दुखणाऱ्याने काय करायचं?” किन्नूने विचारलं.

थर्मामीटरच्या उत्तराला त्रेचाळीस अंगठे पडले, किन्नूच्या प्रश्नाला दोन. रात्री जेवताना अंबरीशनी हे सगळं बायकोला, वंदनाला, हौसेने वाचून दाखवलं. पुढे तो रोजचा रिवाजच झाला. “ऐक, आज काय लिहिलंय बेट्याने!” वंदना पोळी वाढता वाढता ऐकायची.

“मग तुम्ही काय लिहिलंत?” ती विचारी.

“लिहिलं, सकाळी सुखना तलावाला दोन फेऱ्या मार, आपोआप ताळ्यावर येशील.”

कॉलेजात जाणारी त्यांची लेक जाई म्हणायची, “पापा, छोड़ो ना यार.” वंदना पुढची पोळी वाढायची. हल्ली ती कमीच बोलायची. इथल्या थंडीने माणूस आखडतोच, असं अंबरीशनी ठरवून टाकलं होतं.

त्यांना छळत होतं ते निराळंच. किन्नू फक्त दुपारी दोन ते चार लिहायचा. स्पेलिंगची एक चूक नाही. आणि काहीही बोला, चिडायचा नाही. एवढं ऐकून घेऊन न चिडणारा माणूस आमच्या साताऱ्यात तरी जन्मला नाही, असं अंबरीशचं मत. पंधरा दिवस त्यांनी वेळा टिपून ठेवल्या आणि निकाल दिला: समोर माणूस नाहीच, यंत्र आहे. अ‍ॅपवाल्या कंपनीनेच सोडलेलं. खात्री करायला त्यांनी विचारलं, सेक्टर बावीसमध्ये कुकर दुरुस्त कुठे होतो? “जिन्याखाली. शिट्टी फुकट बदलतो, पण आधी त्याच्या गुडघ्यांची कहाणी ऐकावी लागते,” उत्तर आलं. अगदी बरोबर होतं. मग यंत्र नव्हे, कंपनीने पगारावर ठेवलेला इथलाच कुणीतरी! संशयाने फक्त कूस बदलली.

शनिवारची सुट्टी होती. जेवण झाल्यावर अंबरीश बाल्कनीत उन्हाला पाठ देऊन बसले आणि त्यांनी शेवटचा डाव टाकला. “तू माणूस असशील, तर कुठल्याही यंत्राला ठाऊक नसेल असं काहीतरी सांग.”

दहा मिनिटांत उत्तर आलं.

“आमच्या घरी बदल्यांच्या काळ्या ट्रंका आहेत. एकवीस. वर पांढऱ्या रंगाने नंबर, आणि कुठल्या नंबरात काय याची यादी. चौदा नंबरची तीन बदल्यांत उघडलेली नाही. यादीत तिच्यापुढे लिहिलंय, ‘किरकोळ’. एम.एस्सी.ला असताना सूक्ष्मदर्शकासाठी मी हाताने केलेल्या स्लाइडा तिच्यात आहेत. दुपारी मी त्या ट्रंकेवर बसते. सकाळी दूध समोर उतू जातं. मला दिसतं, पण गॅस बंद करायला हात उचलवत नाही.”

सांगायला लाज वाटते, पण अंबरीशच्या मनात पहिलं आलं ते हे, की आपली यादी कुणीतरी चोरली. मग त्यांनी जाईला गाठून फोन तिच्यापुढे धरला. “हे तू लिहितेस?”

“मैं? पापा, मुझे तो पता भी नहीं चौदह में क्या है.”

त्यांनी कपाटातून यादी काढली. अक्षर त्यांचंच होतं. १३, गरम कपडे. १४, वंदना, किरकोळ. १५, पंखे. आपण हे कधी लिहिलं ते त्यांना आठवेना.

मागच्या खोलीत वंदना ट्रंकेवर बसली होती. फोन मांडीवर, नजर भिंतीकडे.

“थर्मामीटर मी आहे, हे तुला माहीत होतं?”

“रोज जेवताना वाचून कोण दाखवत होतं?”

तिचेच शब्द, तिच्याच ताटासमोर, खिदळत खिदळत, महिनाभर.

“अगं, मग मला सांगायचंस ना. घरात.”

“सांगितलं होतं. दिवाळीच्या आधी. म्हटलं, अहो, मला काहीतरी होतंय, दूधसुद्धा सांभाळता येत नाही. तुम्ही ‘हं’ म्हणालात आणि दूधवाला बदललात.” तिचा आवाज चढला नव्हता. “तिथे निदान तुम्ही मला उत्तर देत होतात.”

ते तिच्या पायाशी जमिनीवरच बसले.

“सोमवारी अकराची वेळ घेतलीय, डॉक्टरांची,” ती म्हणाली.

कोण डॉक्टर, शिकलेत कुठे, तपासतात कशाने, हे प्रश्न सवयीने त्यांच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी ते गिळले.

“मी येतो बरोबर.”

लॅक्टोमीटर बुडवून ते दुधाकडे बघत, तशी वंदना त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“सोमवारी दिसेलच,” ती म्हणाली.