फ्रिज वर चढवायचा दिवस

बालकल्याण कार्यालयातून फोन आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टर काकांचा फ्रिज एक मजला वर चढायचा. अख्ख्या इमारतीला हे ठाऊक होतं आणि इमारतीबाहेर कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नव्हतं.

"चला, पुढे चला! मधे थांबू नका! दारात गर्दी करू नका!"

काका बसमधून निवृत्त झाले होते, पण बस काही काकांमधून निवृत्त झाली नव्हती. त्यांची कंबर कामातून गेलेली, त्यामुळे ते फ्रिज फक्त तोंडाने उचलायचे. खरा भार असायचा एका बाजूला शिंपीणबाईंवर, दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरच्या भाऊजींवर. भाऊजी इतके वाळलेले, की फ्रिज त्यांनी धरलाय की त्यांना फ्रिजने धरलंय हे नीट निरखून बघावं लागे. आतल्या दुधाच्या पिशव्या काढायचा सगळ्यांनाच कंटाळा, त्यामुळे प्रत्येक पायरीला आत डुबुक डुबुक व्हायचं.

सगळ्यांच्या पुढे, अंड्यांचा ट्रे छातीशी धरून, उलट्या पावलांनी जिना चढत होती रेडिओ.

"आई, डावीकडे! अगं तुझी डावी! भाऊजी, कठडा, कठडा! काका, तुम्ही गप्प बसा, दोघांनी ओरडलं की गोंधळ होतो!"

"मला गप्प बसवतेय!" काका म्हणाले. "सबंध बस माझ्यापुढे गप्प बसायची."

"ही बस नाहीये, काका. हा सेट आहे."

रेडिओ म्हणजे शिंपीणबाईंची मुलगी. गेल्या वर्षापर्यंत तिचा आवाज इतका बारीक, की वर्गात हजर असूनही तिची गैरहजेरी लागायची. मग शाळेच्या नाटकात तिला पडद्यामागे उभं केलं, बोलायला नको म्हणून, आणि ऐन प्रयोगात राजवाड्याची भिंत राजाच्या अंगावर कलायला लागली. तेव्हा पडद्यामागून ती ओरडली, "कुणी हलू नका!" काय तो आवाज! राजा थिजला, प्रधान थिजला, पहिल्या रांगेत पाणी पिणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई ग्लास तोंडाला लावूनच थिजल्या. भिंत वाचली. त्या दिवसापासून हिच्या तोंडाचं बटण जे चालू झालं, ते झोपेतसुद्धा बंद होईना. आईने वैतागून नाव ठेवलं रेडिओ. पोरगी ते नाव पदकासारखं मिरवायची.

आणि तेव्हापासून कार्यालयाच्या पाहणीच्या दिवशी ताईचं घर सजवायचं काम तिचंच.

ताई म्हणजे वरच्या मजल्यावरची ताई, भाऊजींची बायको. ताई वाईट असती तर सगळं किती सोपं झालं असतं! पण ताई हसायला लागली की भिंतीपलीकडची माणसं कारण न कळता हसायची. रेडिओला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला तिनेच शिकवलं होतं. फक्त ताई आणि भाऊजी नशेची पूड ओढायचे, आणि पूड मिळाली नाही तर गोळ्या घ्यायचे. त्यापायी घरातला फ्रिज गेला, मग पंखा गेला, पाळणा गेला, शेवटी पडद्यांची दांडीसुद्धा गेली.

त्यांचा पहिला मुलगा ढब्बू. जिन्यावरून बसून बसून घसरत यायचा आणि प्रत्येक पायरीवर स्वतःलाच टाळ्या वाजवायचा. मागच्या वर्षी अशीच पाहणी झाली. फ्रिज चढला, पडदे लागले, कार्यालयातून कुणी साहेब आले, त्यांनी फ्रिज उघडून दूध पाहिलं, चहा घेतला, "छान ठेवलंय घर" म्हणाले आणि गेले. पुरता आठवडाही झाला नाही. ढब्बूला गादीवर आईची गोळी सापडली. ती खाऊन तो झोपला, आणि उठलाच नाही.

इमारत म्हणाली, अपघात. ताई आणि भाऊजींनी सगळं सोडलं. तेव्हा ताईच्या पोटात दुसरा मुलगा होता, बटण. बटणाचं नाकच शर्टाच्या बटणाएवढं, म्हणून शिंपीणबाईंनी ठेवलेलं ते नाव. बटण झाला, रांगायला लागला, आणि हळूहळू ताईचे डोळे पुन्हा पेंगुळलेले दिसायला लागले.

आणि फोन आला की फ्रिज चढतच राहिला.

"पोर आईपासून तोडायला लावणारे आपण कोण?" शिंपीणबाई दातात दोरा धरून म्हणायच्या. "तिकडे नेऊन कुणाच्या हाती देतील, काय माहीत! इथे निदान आपण आहोत." रेडिओलाही ते पटायचं. खरं सांगायचं तर तिला मजा यायची! रिकाम्या खोलीचं बघता बघता घर व्हायचं.

त्या सकाळी तर ती नुसती भिरभिरत होती. काकांचे पडदे दांडीसकट वर. आईची फुलाफुलांची चादर गादीवर. आईकडे बदलायला आलेला कुण्या गिऱ्हाइकाचा झालरीचा फ्रॉक पाळण्यावर, नुसता दिसायला. ("अगं, मुलगा आहे तो!" "मग काय झालं, गुलाबी रंग उठून दिसतो!") पाळणा आईचा, रेडिओ स्वतः त्यात झोपलेली. भाऊजींना काकांचा शर्ट, त्यात अजून एक भाऊजी सहज मावले असते.

"हात बाहेर काढा, भाऊजी. शर्टाला हात आहेत हे कळू दे लोकांना."

ताई हसत सुटली. भाऊजीही हसले. काका फ्रिजला टेकून हसता हसता खोकले.

बटण खिडकीखाली बसला होता, मूठ चोखत. रेडिओने त्याला उचललं, हवेत फिरवलं, त्याच्या पोटावर तोंडाने फुर्रर्र केलं. तो खिदळला आणि त्याची मूठ सैल झाली. आत एक पांढरी गोळी होती. एका कडेने ओली.

रेडिओचा आवाज गेला. पार मागच्या वर्षीइतका गेला.

तिने गोळी काढून स्वतःच्या खिशात टाकली. त्याच्या तोंडात बोट फिरवलं, काही नव्हतं. बटणाला हा नवा खेळ फार आवडला. त्याने बोटाला हिरड्यांनी कडकडून चावा घेतला.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "याच्या हातात गोळी होती."

ताईचं हसू क्षणभर जागच्या जागी थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. "अगं, डोकेदुखीची ती. काल डोकं चढलं होतं माझं. पडली असेल."

मागच्या वर्षी पोलिसांना सांगतानाही ती गोळी डोकेदुखीचीच होती.

रेडिओने आईला जिन्यात गाठलं आणि खिशातली गोळी दाखवली. शिंपीणबाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "आई, हा पण जाईल," रेडिओ म्हणाली.

"कार्यालयातल्या बाई येऊन जाऊ देत," आई पुटपुटली. "मग बसू ताईजवळ. नीट बोलू तिच्याशी."

"मागच्या वेळी पण साहेब येऊन गेल्यावरच बसलो होतो."

आई काही बोलणार, एवढ्यात खालून धापा टाकायचा आवाज आला. पाहणीच्या बाई! बुटक्या, गोल, हेल्मेटमुळे अर्धे केस चपटे आणि अर्धे ताठ उभे. नव्याच होत्या.

"लिफ्ट नाही का हो?" त्यांनी विचारलं.

"लिफ्ट असती तर काय पाहिजे होतं!" काका फ्रिजच्या आठवणीने कळवळून म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

बाई आत आल्या. पडदे पाहिले, पाळणा पाहिला, फ्रिज उघडला. दूध, अंडी, सफरचंदं. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ताईने चहा दिला. भाऊजी काकांच्या शर्टात ताठ बसून होते, कॉलर कानाला लागत होती. बटण आता ताईच्या मांडीवर होता, बाईंकडे बघून बोळकं दाखवत.

"छान ठेवलंय हो घर," बाई म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

छान ठेवलंय! तेच शब्द! रेडिओने ताईकडे पाहिलं. ताई तिच्याकडेच बघत होती, अगदी बारीक मान हलवत, नको, नको. रेडिओने खिशातली गोळी चाचपली. गोळी काढून दाखवावी? डोकेदुखीची म्हटलं की संपलं. बाई मान डोलावतील, कप खाली ठेवतील, हेल्मेट घालतील.

कप खाली ठेवलाच त्यांनी. "बरं, मग निघते मी—"

"हा फ्रिज कंडक्टर काकांचा आहे!"

राजवाड्याच्या भिंतीच्या वेळी फुटला होता तोच आवाज. बाई अर्ध्या उठलेल्या तशाच राहिल्या. बटणाने दचकून उचकी दिली.

"काय?" बाई म्हणाल्या.

"फ्रिज. सकाळी खालून वर आणला. प्रत्येक वेळी आणतो. तुम्ही आधी फोन करता ना, म्हणून आणता येतो."

"रेडिओ!" ताई म्हणाली. नुसतं एवढंच.

बाई काकांकडे वळल्या. "काका, फ्रिज तुमचा?"

काकांनी छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं. फ्रिज मदत करण्यासारखा नव्हता. उभा जन्म त्यांनी खोटं बोलणाऱ्या प्रवाशांना पकडण्यात घालवला होता, आणि आता पकडले गेले होते ते स्वतः.

"माझा," काका म्हणाले. "दूध पण माझंच. आणि..." एकदा बांध फुटल्यावर त्यांना थांबता येईना. "पडदे माझे. यांच्या अंगातला शर्टही माझा."

भाऊजींनी दचकून शर्टाकडे पाहिलं, जणू त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

"चादर माझी," दारातून शिंपीणबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि आवाज मात्र भाजीबाजारात लावतात तसा चढा लागला होता. "पाळणा माझा. तुम्ही चहा प्यालात तो कप माझा, चहा पावडर माझी, साखर माझी! तो गुलाबी फ्रॉक तर माझासुद्धा नाही हो, गिऱ्हाइकाचा आहे!"

"उद्या न्यायला येणार आहे ते," रेडिओने भर घातली.

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, एकेका वस्तूवर थांबत, जणू एकेक वस्तू त्यांच्या डोळ्यांदेखत जिना उतरून जात होती. रेडिओला एकदम हसू यायला लागलं. भयंकर, दाबता न येणारं, कार्यक्रमात उभं राहून शांतता पाळताना येतं तसलं हसू. तिने ओठ चावले. काकांनीही चावले. मग भाऊजींच्या कॉलरीतून "मोजे पण त्यांचेच आहेत" असं आलं आणि काका फस्सकन फुटले. आई रडता रडता हसली. एका क्षणापुरतं ते सगळे वेड्यासारखे हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ताईच्या मांडीकडे पाहिलं. "आणि बाळ?"

खोलीतलं हसू विझलं.

"बाळ माझं," ताई म्हणाली. तिने बटणाला घट्ट धरलं, मग सैल केलं, मग पुन्हा घट्ट. "या घरात हे एवढंच माझं आहे." बराच वेळ ती त्याच्या टाळूकडे बघत राहिली. "ढब्बू पण होता."

मग मान वर न करता ती रेडिओला म्हणाली, "गोळी दाखव त्यांना."

रेडिओने खिशातून गोळी काढून बाईंच्या तळहातावर ठेवली.

"डोकेदुखीची नाहीये ती," ताई म्हणाली. "आज त्याने मुठीत धरली होती. एक कड ओली आहे. मला माहीत नाही किती गेली पोटात. मी बघितलंच नाही. मला दिसतच नाही, हो, आताशा."

त्यानंतर बाईंनी फोनवर जे काही केलं, त्यापुढे रेडिओ म्हणजे कुजबुज! "गाडी आत्ता म्हणजे आत्ता! उद्या नाही, आत्ता! डॉक्टरांना सांगून ठेवा!" तेवढ्या वेळात त्यांनी बटणाच्या पापण्या वर करून पाहिल्या, पाय चोळले, गालावर टिचक्या मारल्या, त्याला झोपू देऊ नका म्हणून सगळ्यांना बजावलं. झोपू देऊ नका! हे काम इमारतीला जमण्यासारखं होतं. काकांनी घंटीचा आवाज काढला. शिंपीणबाईंनी तोंडावर पदर घेऊन भो केलं. रेडिओने सेटवरचा सगळा राजवाडा एकटीने करून दाखवला, राजा, प्रधान, कलणारी भिंत. बटण हिच्याकडून त्याच्याकडे बघत होता, अरे वा, आज काय आहे तरी काय, अशा चेहऱ्याने.

गाडी आली. बाईंनी स्पष्ट सांगितलं, आधी दवाखाना, त्यानंतर बाळ काही दिवस तरी परत या घरात येणार नाही. किती दिवस ते त्या सांगू शकत नाहीत. ताईने मान हलवली. भाऊजी भिंतीशी बसून राहिले, शर्टाच्या बाह्यांत हात लपवून.

ताईने बटणाला स्वतः खाली आणलं. प्रत्येक पायरीवर ती थांबत होती, आणि या वेळी काका पुढे चला म्हणाले नाहीत. गाडीच्या दाराशी तिने रेडिओकडे पाहिलं. रेडिओला वाटलं, आता ही थोबाडीत मारेल. मारावीच.

"शिट्टी वाजव," ताई म्हणाली. "पेंगतोय तो."

रेडिओने दोन बोटं तोंडात घातली. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा अशी शिट्टी निघाली, की समोरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. बटण ताडकन जागा झाला. त्याने एकदा आजूबाजूला पाहिलं, खालचा ओठ पुढे काढला आणि भोकाड पसरलं.

बाईंनी त्याला आत घेतलं, ताई त्याच्या शेजारी बसली, दार लागलं. काचा बंद असूनही त्याचा आवाज बाहेर येत होता. गाडी निघाली, तरी येत होता. कोपऱ्यावर वळली, तरी येतच होता.

"काय गळा आहे लेकाचा!" काका म्हणाले.

"अजून ऐकू येतंय," शिंपीणबाई म्हणाल्या. "येतंय ना गं?"

"येतंय, येतंय!" रेडिओ म्हणाली आणि नीट ऐकता यावं म्हणून अनवाणी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.