अर्ध्या लिटरची तहान

डोळा लागला की धोंडूला बर्फाचा कारखाना दिसायचा. मिरकरवाडा बंदरातल्या त्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्याने लाद्या फोडून ट्रॉलरवर चढवल्या, पण बर्फाला कधी जीभ लावली नव्हती. कशाला लावेल? दोन महिन्यांपूर्वी दोन्ही किडन्या बसल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस मागे लागलं, आणि चहा-आमटी धरून दिवसाला अर्धा लिटर पाणी, एवढाच काय तो हुकूम. मग स्वप्नात धोंडू लादीला गाल लावून उभा राहायचा. पायांशी पांढरा धूर वाहायचा, लादीच्या पोटात निळा उजेड हलायचा आणि वरून थेंब थेंब थेट जिभेवर पडायचा. असलं सुख जागेपणी कुणाच्या बापाला मिळायचं नाही!

त्या सोमवारी सकाळी तो डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर पेंगत होता. शुक्रवारनंतर दोन दिवस रक्त धुतलं गेलं नव्हतं. अंग जड, जीभ टाळूला चिकटलेली, आणि त्याच्या आधीचा पेशंट मशीनवरून उतरायला अजून तासभर होता.

सानिका सिस्टरने त्याला बजावून ठेवलं होतं, "धोंडूकाका, शहाळ्याकडे बघायचंसुद्धा नाही. त्यातलं पोटॅशियम तुमच्या किडन्या बाहेर टाकत नाहीत. ते हृदय बंद पाडतं." शेजारच्या खाटेवरच्या विठूने ऐकलं नाही. एका रविवारी तो अख्खं शहाळं प्यायला आणि सोमवारी त्याची खाट रिकामी राहिली.

स्वप्नातल्या थेंबांना आज गोड वास यायला लागला. धोंडूने डोळे किलकिले केले. नाकासमोर शहाळं होतं, तोंड उघडलेलं, पाण्याने काठोकाठ भरलेलं. ते धरून उभी होती चिमाआक्का, त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं होतं. बाहत्तर वर्षांची बाई, पाली गावाहून एसटीने दोन शहाळी घेऊन आलेली.

"घे बाबा. याने किडनी धुऊन निघते. अख्खी पाली सांगते."

धोंडूने शहाळं हातात घेतलं. तो अजून अर्धा कारखान्यातच होता. निळ्या उजेडात ते पाणी डुलत होतं. एकदाच, त्याला वाटलं, काय व्हायचं ते होऊ दे. त्याने ओठ काठाला लावले.

"पी रे," आक्का म्हणाली. "तुला अर्धाच लिटर आहे म्हटल्यापासून मीपण तेवढंच पिते. देवाला बोललेय, भाऊ पोटभर प्यायल्याशिवाय मी पिणार नाही."

धोंडू खाडकन जागा झाला. आक्काचे ओठ त्याच्याच ओठांसारखे फुटले होते. ही बया दोन महिने, एप्रिलच्या उन्हातही, तहानेली हिंडत होती! त्याला भयंकर राग आला. त्याने शहाळं तिच्यापुढे धरलं.

"अगं, तुझ्या किडन्या धड आहेत! त्या घालवायच्यात का तुला? पी हे."

"नाही. माझं बोलणं देवाशी झालंय, तुझ्याशी नाही."

"आक्का, ऐक. शहाळ्याने किडनी धुऊन निघत नाही. माझ्यासारख्याचं काळीज बंद पडतं. विठू असाच गेला."

आक्काचा चेहरा पांढरा पडला. "मेल्या, मग तोंडाला कशाला लावलंस?"

"तहान लागली म्हणून. दुसरं काय?" धोंडूचा आवाज चिरकला. "आता एक तर तू पी, नाहीतर मी पितो. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन."

त्याने शहाळं पुन्हा ओठांकडे नेलं. आक्काने झडप घालून ते हिसकावलं, दोन्ही हातांनी तोंडाला लावलं आणि घटाघटा प्यायला लागली. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडत होतं. मध्येच हुंदका आला, ठसका लागला, तरी तिने शहाळं खाली केलं नाही.

धोंडू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "सावकाश, आक्का," तो म्हणाला. "सगळं तुझंच आहे."